हळदणकरांची दिवा घेतलेली बाई : तुम्हाला तिच्यात काय दिसतं?

दिवेलागण :
मागच्या महिन्यात म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र पाहिलं. लहानपणापासून कॅलेंडरवर बघत आलेय, पण तिथे समोर पाय हलेनात. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा. उजेड बोटांतून लालसर झिरपतो, चेहरा उजळतो, मागे भिंतीवर तिची सावली.

नावात आशा आहे. मला मात्र काळजी दिसली. आमची आजी संध्याकाळी देवघरातून तुळशीपर्यंत निरांजन न्यायची. अंगणात वारा. तेवढी पंधरा पावलं हाक मारली तरी ती ओ द्यायची नाही. या चेहऱ्यावर मला तीच एकाग्रता दिसली. तुम्हाला काय वाटतं?

ओला कागद :
तुमची आजी अगदी पटली. पुष्कळांना हे तैलचित्र वाटतं, पण ते जलरंगातलं आहे. पारदर्शक जलरंगात उजेड मागाहून वर चढवता येत नाही. कागदाचा पांढरा सुरुवातीपासून राखून ठेवायचा आणि त्याच्याभोवती थरावर थर देत काळोख गडद करायचा. एक ओघळ आत घुसला की उजेड मेला. तीस वर्षं जलरंग करतोय, पणतीचा साधा अभ्यास करताना अजून कागद वाया जातात. म्हणून मला तिच्या तळहाताआड चितारणाऱ्याचाही हात दिसतो.

मोती तलाव :
हळदणकर आमच्या सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. कळकळीची विनंती, हे चित्र रविवर्म्याचं म्हणून पुढे पाठवू नका. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, हे १९४५-४६ चं.

आणि काळजी मला नाही दिसत. दिवा धरून उभी आहे ती हळदणकरांची मुलगी. घरच्या माणसासमोर उभं राहताना चेहरा जसा निवांत होतो, तसा तो आहे. वाऱ्याची भीती त्यात कुठेच नाही.

दिवेलागण :
मुलगी हे ठाऊक नव्हतं. मी तिच्यात आजी शोधत होते, आणि ही तर तरुण आहे! काल आईला विचारलं, आजी तरुणपणीही अशीच गप्प जायची का? आई म्हणाली, “तेव्हा एका कडेवर मी असायचे. हाताचा आडोसा कुठला, निरांजन पदराआड धरायची आणि मला गोष्ट सांगत जायची.”