किनाऱ्यावरच्या एकाकी घरात दोन रात्री : नाशिककरांचे अनुभव

गंगापूर रोड (धागाकर्ता)

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की नाशिककरांच्या गाड्या कसारा घाट उतरतात, नाहीतर त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत पालघरकडे वळतात. हॉटेलांची माहिती हवी तेवढी मिळते. परंतु गावापासून दूर, सुरूच्या बनात किंवा नारळाच्या वाडीत एकटेच उभे असलेले, मोबाईलला रेंज नसलेले आणि विजेचा भरवसा नसलेले घर घेऊन मुलाबाळांसह व आईवडिलांसह दोन रात्री काढायच्या झाल्या तर काय होते, हे सहसा कोणी लिहीत नाही. सूर्यास्ताचे वर्णन थोडक्यात आटोपावे आणि घाटावरच्या माणसाची किनाऱ्यावर नेमकी कुठे फसगत झाली ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

सुरुवात मीच करतो. जानेवारीत पहाटे घर सोडताना पारा नऊ अंशांवर होता, म्हणून आम्ही सहा स्वेटर आणि दोन दुलया गाडीत कोंबल्या. केळव्याजवळच्या त्या घरात दुलईची घडीही मोडली नाही. मच्छरदाणी मात्र एकही नेली नव्हती, आणि दोन्ही रात्री कोणाचा डोळ्याला डोळा लागला नाही.

पंचवटी

आमचे घर खाडीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर होते आणि गाडी ठेवण्याची जागा ओहोळाच्या अलीकडे होती. मालकांनी फोनवर "ओहोळ ओलांडला की घर" एवढेच सांगितले होते. आम्ही दुपारी पाऊण वाजता पोहोचलो, तेव्हा ओहोळ म्हणावा असे काही तिथे नव्हते. छातीइतके गढूळ पाणी उलट्या दिशेने, म्हणजे समुद्राकडून आत, चढत होते आणि पलीकडे आमच्या घराची कौले दिसत होती. पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. मालक पलीकडून ओरडून म्हणाले, "चार वाजेपर्यंत पाण्यात पाय घालू नका." सव्वातीन तास आम्ही डिकी उघडून बसलो आणि दोन दिवसांसाठी नेलेली द्राक्षांची पेटी तिथेच संपवली.

संध्याकाळी मालकांनी हिशेब समजावून सांगितला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे हा हिशेब ढोबळच आहे. तरी किनाऱ्यावरची जुनी माणसे त्यावरच चालतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही.

आम्हा सर्वांचे मोबाईल त्या वेळी निरुपयोगी होते. सासूबाईंना मात्र चतुर्थी-एकादशीच्या उपवासांमुळे तिथी तोंडपाठ असते. त्यांनी बसल्या जागी बोटांवर मोजून सांगितले, "सोमवारी तृतीया. सव्वादोनला पाणी भरेल. दहाच्या आत सगळे गाडीत बसलेले पाहिजेत." त्या दोन दिवसांत पोहायला कधी जायचे, शिंपल्या वेचायला कधी जायचे आणि जेवायला कधी बसायचे, हे त्यांनीच ठरवले. सोमवारी साडेनऊला आम्ही ओहोळ ओलांडला, तेव्हा पाणी घोट्याच्या वर नव्हते.

सिडको

आमची फसगत पिण्याच्या पाण्याने केली. विहीर घराच्या दारात होती, पण पाणी मचूळ. पहिल्या रात्री तुरीची डाळ चुलीवर दोन तास ठेवली तरी दाणा दाणा वेगळाच राहिला, कारण क्षारांच्या जड पाण्यात डाळ मऊ होत नाही. चहाही घशाखाली उतरेना. शेवटी मुलांना चुरमुरे, शेव आणि कांदा असा भडंगाचा रात्रीचा स्वयंपाक मिळाला आणि ते बेहद्द खूश झाले. आता आम्ही वीस लिटरचे दोन जार नेतो. एक पिण्यासाठी आणि एक केवळ स्वयंपाकासाठी.

इंदिरानगर

माझा अनुभव इतरांइतका गोड नाही, तरीही लिहिते. जिथे आसपास खानावळ नाही तिथे स्वयंपाक घरातल्यांनीच करायचा असतो, आणि घरातल्यांनी म्हणजे कोणी, हे निघण्यापूर्वी स्पष्ट बोललेले बरे. आम्ही अकरा जण होतो. वाऱ्यामुळे विझणाऱ्या चुलीपुढे मी आणि माझ्या जाऊबाई अशा आम्ही दोघीच होतो. समुद्र मी पहिल्या दिवशी भांडी विसळताना पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पीठ मळून परात दिरांपुढे ठेवली आणि जाऊबाईंना घेऊन निघून गेले. पोळ्या नकाशासारख्या झाल्या, पण झाल्या. पुढच्या सहलीला पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावल्या होत्या.

देवळाली कॅम्प

ओल्या वाळूवर गाडी उतरवू नये. ती वरून रस्त्यासारखी घट्ट दिसते. आमची चाके रुतली आणि मी घाबरून रेस देत राहिलो, तशी ती अधिकच खोल गेली. गावातल्या मुलांनी चारही टायरांतली निम्मी हवा सोडली, चाकांखाली नारळाच्या झावळ्या घातल्या आणि लाटा पंधरा पावलांवर आल्या असताना गाडी बाहेर काढली. हवा भरण्याचा पंप आम्ही आता डिकीतच ठेवतो.

नाशिकरोड

आमचे घर अगदी एकाकी नव्हते, गावाच्या कडेला होते. परंतु धाग्याला धरून आहे म्हणून लिहितो. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास आहे. नाना फडणवीसांचे हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले. मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. ती अंडी उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वर येतात. नाशिकहून जाताना पूर्ण दिवस मोडतो, शिवाय बागमांडला ते वेशवी ही फेरीबोट गाठावी लागते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कार्यकर्त्यांनी पुरलेल्या अंड्यांवर झाकलेली टोपली उचलली आणि खाली एकही पिल्लू नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीही नव्हते. सहा वर्षांच्या मुलीने "पैसे परत मागा ना" असे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटल्यावर आम्हाला शरम वाटली. त्याच संध्याकाळी तीन पिल्ले निघाली. त्यांना पाण्यात नेऊन सोडत नाहीत, वाळूवर ठेवतात, आणि ती स्वतः चालत जातात. एकाला लाटेने तीन वेळा मागे फेकले. चौथ्या वेळी ते दिसेनासे झाले, तरी मुलगी तिथून हलेना.

गंगापूर रोड (धागाकर्ता)

वडिलांना मधुमेह असल्यामुळे फ्रीज नसलेल्या घरात इन्सुलिनचे काय करावे, असे एकांनी विचारले आहे. आम्ही निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून वापरात असलेली एकच कुपी नेली होती आणि ती ओल्या फडक्यात गुंडाळून रिकाम्या मडक्यात, सावलीत ठेवली होती. एवढे मात्र ध्यानात घ्यावे की किनाऱ्यावरच्या दमट हवेत पाण्याची वाफ सावकाश होते, त्यामुळे मडके नाशिकइतके गार होत नाही. मार्चनंतर जायचे असेल तर बर्फाचा डबा न्यावा, आणि कुपी बर्फाला टेकू देऊ नये.