मदत हवी आहे: म्हाताऱ्या कुत्रीला ॲक्युपंक्चर करावं का?

नमस्कार मंडळी. आमची लॅब्रॅडोर राणी आता 13 वर्षांची आहे. मागच्या दोन्ही पायांचे खुबे संधिवाताने धरलेत. उठताना आधी पुढचे पंजे फरशीवर घट्ट रोवते, मग मागचं अंग कसंबसं ओढून घेते. बघवत नाही हो. वेदनाशामक गोळ्यांनी बरं वाटायचं, पण रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करतात का हे दाखवणारा घटक) वाढलेलं आलं. त्यामुळे डॉक्टरांनी गोळ्या बंद करून ॲक्युपंक्चर सुचवलंय.

सुया अगदी बारीक असतात, साधारण 15 ते 30 मिनिटं ठेवतात, कधी त्यांना सौम्य वीजप्रवाह जोडतात, एवढं वाचलंय. फिट येणाऱ्या प्राण्याला हा प्रवाह शक्यतो देत नाहीत. राणीला पूर्वी फिट यायच्या, म्हणून विशेष काळजी वाटते. अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नाही. दुखणं थोडं कमी झालं तरी खूप.

ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा: फरक किती बैठकांनंतर जाणवला? सुया टोचलेल्या असताना प्राणी शांत बसतो का? (अनोळखी माणसाने कमरेला हात लावला की राणी गुरगुरते.) आणि सुया लावणारे प्रशिक्षित पशुवैद्यकच आहेत, याची खात्री तुम्ही कशी केलीत?