मदत हवी आहे: २६ फुटी ट्रेलरसाठी स्वे कंट्रोलची (शेपूट हलू न देणारी) कोणती हिच, म्हणजे ट्रक-ट्रेलरची जोडणी, घ्यावी?

मंडळी, आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. या वसंतात २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. रिकामं वजन ५,६०० पौंड, जीव्हीडब्ल्यूआर (भरून जास्तीत जास्त चालणारं वजन) ७,००० पौंड आणि ब्रोशरप्रमाणे टंगवरचं, म्हणजे ट्रकवर टेकणाऱ्या पुढच्या दांड्यावरचं, वजन ६१० पौंड. ओढायला फोर्ड एफ-१५० आहे, ३.५ लिटर इकोबूस्टवाली. दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर पेलोड (ट्रकवर लादता येणारं एकूण वजन) १,५२० पौंड लिहिलंय.

जुलैत यलोस्टोनला जायचंय. आम्ही दोघं, दोन मुलं आणि पुण्याहून येणाऱ्या सासूबाई. फोर्ट कॉलिन्सहून हायवे २८७ ने लॅरॅमी, मग आय-८० ने रॉलिन्स, तिथून मडी गॅप, लँडर आणि टोगोटी पास ओलांडून ग्रँड टीटन. तिथे कोल्टर बेला मुक्कामाचं बुकिंग झालंय. लॅरॅमी ते रॉलिन्सच्या वाऱ्याबद्दल इथल्या जुन्यांना सांगायला नको. तिथे हलक्या आणि उंच गाड्यांना अनेकदा रस्ताच बंद करतात.

डीलरने साधी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (ताणलेल्या बारनी टंगचं वजन पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटणारी) आणि एक फ्रिक्शन बार (घर्षणाने हेलकावे रोखणारी दांडी) लावून दिला. सामान भरून आय-२५ वर निघालो, ६५ च्या वेगाला एक अठराचाकी शेजारून गेला आणि ट्रेलरची शेपूट चांगलीच हलली. आपोआप थांबली, पण तेव्हापासून बायकोचं लक्ष रस्त्यापेक्षा स्पीडोमीटरवर जास्त असतं.

वाचून वाचून यादी अशी झालीय: इक्वलायझर, ब्लू ऑक्सची स्वे-प्रो, अँडरसन. हेन्सली आणि प्रोप्राइडचं कौतुक सगळेच करतात, पण त्या पैशात भारताची दोन तिकिटं येतील. प्रश्न असे की यातली कुठली घ्यावी, ६०० पौंडांच्या टंगची पुरेल की १,००० ची लागेल, आणि ट्रकमध्ये फोर्डचा स्वे कंट्रोल मुळातच आहे तर या खर्चाची गरज आहे का?

कॅम्पवेडा

डोळे मिटून इक्वलायझर. बार दोन्ही बाजूंना हेडच्या (हिचच्या ट्रककडच्या भागाच्या) खोबणीत आणि टंगवरच्या एल-ब्रॅकेटवर घासतात, म्हणजे चार ठिकाणी घर्षण. रिव्हर्स घेताना काही काढावं लागत नाही. फ्रिक्शन बार मात्र रिव्हर्सच्या आधी उतरून काढायचा असतो, पावसात ते काय सुख असतं तुम्हाला कळेलच. वळताना कर्रकर्र आवाज होतो, तो त्या रचनेचाच भाग. ब्रॅकेटवर चढवायची प्लास्टिकची आवरणं मिळतात, त्याने बराच कमी होतो. रात्री दहानंतर कॅम्पग्राउंडमध्ये शिरायचं असेल तर ती घ्याच.

ट्रकवाली_ओहायो

थांबा, हिच नंतर. आधी वजन करा. ब्रोशरमधल्या ६१० मध्ये सहसा गॅसचे सिलिंडर आणि बॅटरी धरलेली नसते, आणि दोन्ही नेमकी टंगवरच बसतात. भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन टंगवर हवं. ट्रेलर ६,५०० पौंड भरला आणि साडेबारा टक्के धरले, तर ८१० पौंड झाले. पाच माणसं ६४० पौंड तरी होतील (पेलोडमध्ये चालकही येतो, हे लोक हमखास विसरतात), हिचचं स्वतःचं वजन ९०. बेरीज १,५४०. तुमचा आकडा १,५२०. अजून ट्रकमध्ये पाण्याची एक बाटलीही ठेवलेली नाही! बार ताणले की थोडं वजन ट्रेलरच्या चाकांवर परत जातं, पण त्या भरवशावर भरायला जाऊ नका.

ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) जा. आधी ट्रेलर जोडून पण बार न लावता वजन करा, मग बार लावून, मग ट्रेलर कुठेतरी सोडून नुसता ट्रक. माणसं तिन्ही वेळा तीच बसलेली हवीत. बार न लावता ट्रकच्या दोन्ही अ‍ॅक्सलचं जे वजन येतं, त्यातून नुसत्या ट्रकचं वजा केलं की टंगचं खरं वजन मिळतं. पुढच्या अ‍ॅक्सलवरून किती वजन उडालं आणि बार लावल्यावर किती परत आलं, तेही त्याच पावत्यांत दिसतं. ते किती परत यायला हवं हे ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं.

फोर्डच्या स्वे कंट्रोलबद्दल: तो हेलकावे सुरू झाल्यावर ब्रेक मारून आणि इंजिनची ताकद कमी करून सावरतो. ते सुरूच होऊ नयेत यासाठी त्याचा उपयोग नाही. ट्रकखालच्या रिसीव्हरचं (हिच ज्यात बसते त्या भागाचं) लेबलही वाचा, वेट डिस्ट्रिब्यूशनशिवायची मर्यादा बरीच कमी असते. पुष्कळ एफ-१५० वर ती ५०० पौंड टंग आणि ५,००० पौंड ट्रेलर अशी आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी पाण्याची टाकी भरलेली होती का? सायकली कुठे होत्या?

डॅलसकर

आमच्याकडे स्वे-प्रो आहे. हेड जरा तिरकं बसतं, बार साखळ्यांनी ताणलेले, त्यामुळे ट्रेलर बाजूला जायला लागला की बारच त्याला मध्यावर ओढतात. घासणारे ब्रॅकेट नाहीत, म्हणून आवाज कमी. बार टंगच्या वजनाप्रमाणे निवडायचे, ५५०, ७५०, १,०००, १,५००. उगाच वरचा घेऊ नका, जास्त कडक बारने ट्रेलरला नुसते दणके बसतात. बाकी ट्रकवाली ताईंशी सहमत, आकडा हातात नसताना ५५० की १,००० हा वाद व्यर्थ आहे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल स्केलवर जाऊन आलो, त्या दिवशी होतं तसंच सामान भरून: ४० गॅलनची टाकी भरलेली, सायकली मागच्या बंपरवरच्या रॅकवर. ट्रेलर ६,४८० पौंड आणि टंगवर फक्त ५९०. म्हणजे ९ टक्के! आमची टाकी अ‍ॅक्सलच्या मागे आहे हे मॅन्युअलमध्ये पाहिलं.

टाकी रिकामी केली, सायकली आत अ‍ॅक्सलच्या वर बांधल्या आणि पुन्हा तोललं. ट्रेलर ६,१५० च्या आसपास, टंग ७५०. म्हणजे १२ टक्क्यांच्या थोडं वर. पण मग पेलोडचं गणित ६४० + ७५० + ९० = १,४८०. ट्रकच्या बेडमध्ये (मागच्या हौद्यात) ४० पौंडांची मुभा. जनरेटर न्यायचा विचार सोडला, आणि सासूबाईंच्या डब्यांचं काय करायचं ते बायको ठरवेल.

ट्रकवाली_ओहायो

बघा, तुमची शेपूट हलली त्यात अर्धा वाटा या ९ टक्क्यांचा. बैलगाडीत माल मागे भरला की ती उलाळ होते, तशातलाच हा प्रकार. फक्त इथे बैल तासाला ६५ मैलांनी पळतायत. यावर कुठलीही हिच लावली असती तरी ती चुकीच्या भरण्यावरची मलमपट्टी झाली असती. आता घ्या, पण ६०० वाली नको. टंग ७५० आहे आणि ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमागे ठेवलेलं सामानही त्यातच धरायचं असतं. इक्वलायझर घेतलीत तर १,००० पौंड टंग आणि १०,००० पौंड ट्रेलरची.

कॅम्पवेडा

अँडरसनबद्दल कुणी बोललं नाही म्हणून: साधारण ६० पौंडांची, शांत, बारच्या जागी साखळ्या आणि युरेथेनचे बुश. तुमच्या पेलोडला ते ३० पौंड मोलाचे आहेत, हे खरं. पण पुढच्या अ‍ॅक्सलवर वजन परत आणायला मला तरी पोलादी बारच बरे वाटतात. इक्वलायझर किंवा ब्लू ऑक्स, आवाज सहन होतो की नाही त्यावर ठरवा. टंगवर ब्रॅकेट बसायला जागा आहे ना, हे मात्र टेप घेऊन मोजा. सिलिंडरचं झाकण आड येतं.

धागाकर्ता

इक्वलायझर ठरली, १,००० वाली, आवरणांसकट. जागा मोजली, बसते. वायोमिंगच्या वाऱ्यासाठी अजून काही?

डॅलसकर

वेग ६० च्या वर नेऊ नका, पाटीवर ७५ असले तरी. ट्रेलरच्या टायरवर वेगाचं अक्षर आणि हवेचा दाब दोन्ही वाचा. निघण्याआधी वायोमिंग ५११ अ‍ॅपवर रॉलिन्सपर्यंतचा वारा बघा, शक्यतो पहाटे निघा, दुपारी तो वाढतो. टोगोटी पास ९,६५८ फूट आहे, उतरताना टो-हॉल मोड (ट्रेलर ओढतानाची गिअरची सेटिंग) लावून खालच्या गिअरमध्ये राहा.

आणि शेपूट हललीच तर ट्रकच्या ब्रेकवर पाय ठेवू नका, स्टिअरिंगने हेलकाव्यांचा पाठलागही करू नका. चाक सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. बायकोलाही ती कळ कुठे आहे ते दाखवून ठेवा. रिकाम्या पार्किंगमध्ये दोघांनी एकदा दाबून बघितलेली बरी, नाहीतर ऐन वेळी हात रेडिओकडे जातो.

ट्रकवाली_ओहायो

नवीन हिच बसवल्यावर पहिल्या पन्नासेक मैलांनी सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. कपलरवर (टंगच्या टोकाला, हिचच्या बॉलवर बसणाऱ्या भागावर) २ ५/१६ इंच लिहिलंय का तेही बघून घ्या, बॉल त्याच मापाचा लागेल.