मदत हवी आहे : पुण्यातील अफगाण कुटुंबासाठी दारी (अफगाणिस्तानात बोलली जाणारी फारसी) किंवा इराणी फारसी जाणणारे समुपदेशक

नमस्कार. आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका अफगाण कुटुंबासाठी, त्यांना विचारूनच, हा धागा काढते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

पती शिक्षणासाठी पुण्यात आले, पत्नी आणि मुलगा मागाहून आले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले आणि परतीचा विचारच संपला. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे अफगाणांची निर्वासित म्हणून नोंदणी संयुक्त राष्ट्रांची संस्था दिल्लीतून करते. तिचे ओळखपत्र मिळाले तरी नोकरीचा हक्क मिळत नाही. व्हिसाच्या मुदतवाढीपायी घरातल्या सगळ्यांचाच जीव टांगणीला लागलेला असतो.

बाईंना कित्येक महिने धड झोप नाही. दारावरची बेल वाजली की त्या मुलाला घेऊन आतल्या खोलीत जातात आणि कोण आले आहे हे कळेपर्यंत बाहेर येत नाहीत. त्यांना फक्त दारी येते, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो तेव्हा शाळेत हिंदी शिकलेला दहा वर्षांचा मुलगाच दुभाषा झाला. ‘रात्री काय आठवते?’ या प्रश्नावर त्या बराच वेळ बोलल्या, आणि मुलाने एवढेच सांगितले, ‘अम्मी का सर दुखता है।’ डॉक्टरांनी आस्थेने तपासले, झोपेच्या गोळ्या दिल्या. पण आईचे दुःख मुलाच्या तोंडून वदवून घेणे मला दोघांवरही अन्याय करणारे वाटते. ओळखीतल्या अफगाण बायकांना सोबत न्यायला त्या तयार नाहीत, कारण इथे बोललेले तिकडच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचेल अशी त्यांना भीती आहे, आणि ती अनाठायी नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये सरकारी उपचारांचा हक्क ‘प्रत्येक व्यक्तीला’ दिलेला आहे, तो केवळ नागरिकांपुरता नाही. ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवाही (१४४१६) आहे, परंतु तिथे भारतीय भाषांत किंवा इंग्रजीतच बोलता येते. अडचण भाषेची आणि विश्वासाची आहे.

म्हणून विचारते : दारी किंवा फारसी बोलणाऱ्या, शक्यतो स्त्री, समुपदेशक कोणाला माहीत आहेत का? ऑनलाइन भेटल्या तरी चालेल. ते न जमल्यास, पुण्यातल्या इराणी कुटुंबांपैकी, या कुटुंबाशी काहीही संबंध नसलेल्या आणि गुप्तता पाळतील अशा एखाद्या फारसी बोलणाऱ्या ताई दुभाषी म्हणून येऊ शकतील का? दारी आणि इराणी फारसी बोलणाऱ्यांना एकमेकांचे बहुतांशी समजते. मानधन आम्ही शेजारी मिळून देऊ.

दिल्लीत निर्वासितांबरोबर काम केलेल्यांनी आणखी एक सांगावे : कागदपत्रांची टांगती तलवार कायम असताना उपचारांचा कितपत उपयोग होतो, आणि तोवर आम्ही शेजाऱ्यांनी काय करावे, काय टाळावे? त्यांनी आपणहून सांगितल्याखेरीज काबूलचा विषय आम्ही काढत नाही. संध्याकाळी त्या माझ्याकडे भाकरी थापायला शिकतात, तेवढा वेळ त्या शांत असतात.

नावे आणि फोन नंबर कृपया इथे न लिहिता व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) कळवावेत.