रेनफॉरेस्टची माती निकस असते म्हणतात, मग एवढं जंगल उभं कशावर?

घोडबंदरकर:
मुलगी नववीत, तिला प्रोजेक्ट दिलाय अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं पाण्याचं आणि पोषकद्रव्यांचं चक्र. अर्थात करतोय मीच. वाचलं की तिथली माती अगदी निकस असते आणि इथेच अडलो, कारण आपल्या ठाण्यातल्या येऊरच्या जंगलात पायाखाली कशी काळीभोर भुसभुशीत माती असते, खरं सांगायचं तर मागच्या वर्षी मी तिथून दोन पिशव्या आणून गॅलरीतल्या कुंड्यांत भरली, पावसाळाभर मोगरा आणि जास्वंद काय तरारले, आणि दिवाळीनंतर पानं पिवळी पडून सगळं बसलं. दुसरं, जंगल स्वतःचा पाऊस स्वतः पाडतं हे खरं की व्हॉट्सअ‍ॅप?

ऐरोलीची बाग:
आधी हे, येऊर नॅशनल पार्कात येतं, तिथून माती आणायची नसते हो, पकडलं असतं तर प्रोजेक्ट चौकीत बसून पूर्ण केला असता.

बाकी उत्तर तुमच्या कुंडीतच आहे. ती काळी माती म्हणजे वरचा चार बोटांचा थर, तो टिकतो कारण वरून पाला पडतच असतो. कुंडीत पाला नाही, रोज पाणी घातलंत आणि खालच्या भोकातून सगळा कस वाहून गेला. अ‍ॅमेझॉनमध्ये तर बारा महिने उकाडा आणि ओल, पडलेल्या पानाचा वाळवी, बुरशी, जिवाणू मिळून काही महिन्यांत फडशा पाडतात, आणि त्यातून जे सुटतं ते मातीत खोल जायच्या आत मुळं उचलतात. मुळं खोल जाण्यापेक्षा वरच जाळी विणून बसतात, सोबत बुरशीचे पांढरे धागे. व्हेनेझुएलात सान कार्लोस दे रिओ नेग्रोला या जाळीवर किरणोत्सारी कॅल्शियम आणि फॉस्फरस टाकून बघितलं होतं, १९७८ साली छापून आलं, ९९.९ टक्के जाळीतच अडकलं! म्हणजे जंगलाचं हातावर पोट आहे, शिल्लक काही नाही, सगळं खेळतं भांडवल, आणि ते झाडांच्या अंगात.

वाशीचे निवृत्त मास्तर:
वरचं बरोबर. भर घालतो. तिथली बरीचशी माती आपल्या जांभ्याच्या जातीची, लाल, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमने भरलेली, लाखो वर्षं पावसाने धुतलेली. फॉस्फरस असला तरी ती धरून ठेवते, झाडाला सोडत नाही. (सगळीकडे असं नाही, अँडीजच्या पायथ्याशी आणि नदीच्या गाळाच्या पट्ट्यात माती चांगली आहे, मुलीला हे लिहायला सांगा, मार्क मिळतील.)

आपल्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात ना, पालापाचोळा आणि फांद्या जाळून राखेवर बी टाकायचं. तिथे जंगल तोडून जाळतात तेव्हा तेच होतं, राखेच्या जोरावर दोनतीन वर्षं पीक येतं, मग पावसात सगळं वाहून जातं आणि शेत सोडून द्यावं लागतं.

जे थोडं नदीवाटे जातं त्याची भरपाई कुठून, तर सहारातून. चाडमधल्या बोडेले नावाच्या सुकलेल्या तळ्याची धूळ वाऱ्याने अटलांटिक ओलांडते. उपग्रहावरून अंदाज काढलाय, वर्षाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस त्या धुळीतून येतो.

सानपाडा लोकल:
पावसाचं मी सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप नाही, खरंय. ब्राझीलच्या सालाती नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातला जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचाच जरा वजनदार प्रकार, मोजला. समुद्रावरून ढग आत जाताना असा ऑक्सिजन असलेलं जड पाणी आधी पडून जातं, त्यामुळे आत आत पावसाचं पाणी वजनाने हलकं होत जायला हवं, पण ते हवं तेवढं हलकं होत नव्हतं, म्हणजे पडलेलं पाणी झाडं जडासकट परत वर पाठवत होती. त्याचा हिशोब निघाला साधारण निम्मा पाऊस, नंतरचे काही अंदाज कमी आहेत. मोठ्यातलं मोठं झाड दिवसाला हजार लिटरपर्यंत पाणी पानांतून सोडतं, सोसायटीच्या गच्चीवरची काळी टाकी डोळ्यासमोर आणा, ती रोज हवेत रिकामी. ती वाफ पश्चिमेला जाऊन अँडीजला अडते आणि दक्षिणेकडे वळते, तिला उडत्या नद्या म्हणतात.

पण येऊरवर हे चिकटवू नका. आपला पाऊस अरबी समुद्रातून येतो, आणि येऊर रेनफॉरेस्ट नाहीच, मार्चमध्ये साग बघा, नुसत्या काठ्या. येऊरच्या डोंगरांचं काम पाणी धरून झऱ्यांना हळूहळू सोडायचं.

घोडबंदरकर:
थँक्यू मंडळी, माती चोरी कबूल. काल सोसायटीच्या कंपाउंडजवळ बदामाच्या झाडाखालचा ओला पाला मुलीने उचकला तर खाली खरंच पांढरे धागे, दोन पानं एकमेकांना शिवल्यासारखी. फोटो काढेपर्यंत झाडूवाले मामा आले आणि सगळं गोणीत भरून गाडीत. आता एक गोणी आमच्यासाठी ठेवा म्हणून सांगितलंय. कुंडीत वरून नुसता पसरू का ऐरोलीवाले, की आधी कुजवायचा?