नोटर डेमचा 1956 चा हंगाम: 2 विजय, 8 पराभव आणि तरीही हाइझमन करंडक?

प्रश्न: सायली_नि

नमस्कार. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये (सॉकर नव्हे, चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन फुटबॉल) वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाडूला दिल्या जाणाऱ्या हाइझमन करंडकाच्या मानकऱ्यांची यादी चाळताना 1956 या वर्षापाशी मी अडखळले. त्या वर्षी हा मान नोटर डेम विद्यापीठाच्या पॉल हॉर्नंगला मिळाला, आणि त्याच हंगामात त्याच्या संघाने दहापैकी आठ सामने गमावले होते. हंगामात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेल्या संघातून हा करंडक पटकावणारा तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे, असे दिसते.

माझे दोन प्रश्न आहेत. महायुद्ध संपल्यावर 1946 ते 1949 या चार हंगामांत एकही सामना न हरलेला हा संघ सात वर्षांत इतका खाली कसा आला? आणि अशा संघातील खेळाडूला देशातील सर्वोत्कृष्ट ठरवणे न्याय्य होते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद 1: मिशिगनकाठ

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण या हंगामाविषयी बोलताना बहुतेक जण हॉर्नंगचे कौतुक करून थांबतात आणि संघाचे काय झाले ते बाजूलाच राहते.

आधी निकाल पाहू. डॅलसमध्ये सदर्न मेथडिस्टकडून 19-13 अशी हार पत्करून हंगाम सुरू झाला. इंडियानाला 20-6 असे हरवल्यावर थोडी आशा निर्माण झाली, परंतु पुढे लागोपाठ पाच पराभव झाले. पर्ड्यूविरुद्धचा 28-14 हा पराभव समजण्यासारखा होता. मात्र त्यानंतर साउथ बेंडच्या घरच्याच मैदानावर मिशिगन स्टेटने 47-14 असे धुतले आणि पुढच्याच आठवड्यात, त्याच प्रेक्षकांसमोर, ओक्लाहोमाने 40-0 अशी धूळ चारली. नेव्ही (नौदल अकादमीचा संघ) आणि पिट्सबर्ग यांच्याकडूनही हार झाली. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा 21-14 हा दुसरा आणि अखेरचा विजय. त्यानंतर आयोवाकडून 48-8 आणि सदर्न कॅलिफोर्नियाकडून 28-20. दहा सामन्यांत मिळून 130 गुण केले आणि 289 दिले. 1933 नंतर प्रथमच या संघाच्या खात्यात विजयांपेक्षा पराभव जास्त जमा झाले.

कारणांची सुरुवात मैदानाबाहेर होते. प्रशिक्षक फ्रँक लेही यांच्या कारकिर्दीत संघाने 1943, 1946, 1947 आणि 1949 अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. युद्धानंतरची ताकद अर्थातच असाधारण होती, कारण सैन्यातून परतलेले, वयाने आणि अंगाने भरलेले खेळाडू एकाच वेळी संघात आले होते. ती पिढी पदवी घेऊन बाहेर पडली. त्याच सुमारास आपले विद्यापीठ केवळ फुटबॉलसाठी ओळखले जाऊ नये असे तिथल्या नेतृत्वाला वाटू लागले. 1952 मध्ये अध्यक्ष झालेल्या फादर थिओडोर हेस्बर्ग यांचा भर अध्यापन आणि संशोधन यांवर होता, आणि फुटबॉलच्या शिष्यवृत्त्यांना लगाम बसला. विद्यापीठाच्या दृष्टीने मला हा निर्णय योग्यच वाटतो. फक्त त्याची किंमत मैदानावर मोजावी लागणार होती आणि ती 1956 मध्ये मोजली गेली.

दुसरे कारण नियमांचे आहे. 1953 पासून खेळाडू बदलण्यावर कडक मर्यादा आल्या होत्या, त्यामुळे आक्रमणासाठी एक आणि बचावासाठी दुसरा असे दोन स्वतंत्र संच उतरवता येत नसत. जो चेंडू फेकायचा त्यालाच थोड्या वेळाने प्रतिस्पर्ध्याला अडवायला उभे राहावे लागे. अशा खेळात दुखापती वाढतात, आणि बदली खेळाडू अननुभवी असतील तर संघाची घडी पार विस्कटते. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची मुभा नव्हती, म्हणजे द्वितीय वर्षाचा मुलगा मोठा सामना पाहिल्याशिवायच मोठ्या सामन्यात उतरत असे. 1956 च्या संघात अशा मुलांचा भरणा होता.

प्रतिसाद 2: जुना_वाचक

वरील विवेचन पटले. दुसऱ्या प्रश्नावर मात्र माझे मत ठाम आहे: हॉर्नंग असामान्य होता, पण त्या वर्षीचा करंडक सिरॅक्युसच्या जिम ब्राउनला मिळायला हवा होता.

प्रथम हॉर्नंगची बाजू मांडतो. हा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) चेंडू फेके, तो घेऊन धावे, गोलखांबांमधून लाथाडे, पंट मारे (हातातून सोडलेला चेंडू लाथेने दूर धाडे), प्रतिस्पर्ध्याच्या किकवर परत धावून येई आणि बचावातही उभा राही. फेकी, धावा, गुण, पंट आणि किकवरील परतधावा या सगळ्यांत संघात तोच पहिला होता. त्याने स्वतः 56 गुण केले, आणि त्याच्या फेकींवर झालेले तीन टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या सीमारेषेपार नेणे, 6 गुण) जमेस धरले तर संघाच्या निम्म्याहून अधिक गुणांत त्याचा हात होता. दुसरीकडे, त्याच्या 13 फेकी प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच झेलल्या. पिछाडीवर असलेल्या संघाला धोका पत्करून फेकावेच लागते, हे मान्य केले तरी 3 टचडाउनला 13 इंटरसेप्शन हे प्रमाण बोलके आहे.

आता मतदान. हॉर्नंगला 1066 गुण मिळाले, टेनेसीच्या जॉनी मेजर्सला 994 आणि ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडॉनल्डला 973. प्रत्येक मतदार तीन नावे क्रमाने लिहितो, आणि पहिल्या क्रमांकाची मते पाहिली तर मॅकडॉनल्ड 205 मतांसह हॉर्नंगच्या पुढे होता. हॉर्नंगला अशी 197 मते होती. चौथ्या स्थानावर आलेला जेरी टब्जही ओक्लाहोमाचाच, म्हणजे राष्ट्रीय विजेत्या संघाची मते दोन खेळाडूंत विभागली गेली. नोटर डेमचे नाव देशभरातील क्रीडापत्रकारांच्या तोंडी होते, हा लाभ हॉर्नंगला मिळाला तो वेगळाच.

जिम ब्राउन पाचवा आला. आठ सामन्यांत धावून 986 यार्ड, आणि कोलगेटविरुद्धच्या एकाच सामन्यात सहा टचडाउन व टचडाउननंतरच्या एकेका गुणाच्या सात किक मिळून 43 गुण! इतके करूनही तो पाचवा येतो, तेव्हा त्याच्या कृष्णवर्णीय असण्याचा विचार टाळता येत नाही. तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला हा करंडक मिळालेला नव्हता. पहिला मान 1961 मध्ये सिरॅक्युसच्याच एर्नी डेव्हिसला मिळाला. हॉर्नंगने काही हिसकावून घेतले असे मी म्हणणार नाही, पण ब्राउनवर झालेला अन्याय खराच आहे आणि तो दर वेळी स्पष्ट सांगितला पाहिजे.

सायली_नि

दोघांचेही मनापासून आभार. ब्राउनविषयीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. आता एकच शंका उरते. प्रशिक्षक टेरी ब्रेनन यांना या हंगामासाठी जबाबदार धरावे का? ते फार तरुण होते, असे वाचले.

प्रतिसाद 3: चौथा_डाव

ब्रेनन यांच्याविषयी मला आस्था आहे, म्हणून लिहितो. 1947 मध्ये आर्मीविरुद्ध (लष्करी अकादमीचा संघ) सामन्याच्या पहिल्याच किकवर चेंडू घेऊन 97 यार्ड धावत थेट टचडाउन करणारा खेळाडू तो हाच. शिकागोतील माउंट कार्मेल शाळेच्या संघाला त्यांनी लागोपाठ तीन वर्षे शहराचे विजेतेपद मिळवून दिले, आणि 1954 मध्ये लेही यांच्या जागी नेमणूक झाली तेव्हा त्यांचे वय अवघे 25 होते. पहिल्या हंगामात 9 विजय आणि 1 पराभव, दुसऱ्यात 8 आणि 2. तेव्हा त्यांचे वय कोणाला खटकले नव्हते. 1956 मध्ये संघ कोसळताच ते अननुभवी ठरले, आणि स्वतः लेही यांनी संघाच्या जिद्दीवर जाहीरपणे बोट ठेवले. निवृत्त गुरूने आपल्याच शिष्याविषयी असे बोलणे मला अनुचित वाटते.

1956 मध्ये होरपळलेल्या त्या द्वितीय वर्षाच्या मुलांनी पुढच्या वर्षी काय केले, तेही नोंदवायला हवे. 16 नोव्हेंबर 1957 रोजी ते नॉर्मन येथे ओक्लाहोमासमोर उभे राहिले. प्रशिक्षक बड विल्किन्सन यांचा तो संघ सलग 47 सामने जिंकून आला होता आणि वर्षभरापूर्वी त्याने यांना 40-0 असे चिरडले होते. चौथे सत्र बरेच सरले तरी फलक 0-0 होता. अखेर चौथ्या प्रयत्नात (चेंडू 10 यार्ड पुढे नेण्यासाठी मिळणाऱ्या चारपैकी शेवटच्या), तीन यार्डांवरून, सगळे मधल्या गर्दीकडे पाहत असताना बाहेरच्या बाजूला फेकलेला चेंडू घेऊन डिक लिंच उजवीकडून सीमारेषेपार गेला. निकाल 7-0. विजयमालिका सुरू होण्याआधी ओक्लाहोमाला 1953 मध्ये हरवणारा संघही नोटर डेमच होता.

असे असूनही 1958 मध्ये 6 विजय आणि 4 पराभव झाल्यावर नाताळाच्या तोंडावर ब्रेनन यांना काढून टाकण्यात आले. पाच हंगामांत 32 विजय आणि 18 पराभव ही त्यांची एकूण कामगिरी. त्यांच्या जागी व्यावसायिक फुटबॉलचा अनुभव असलेले जो कुहारिक आले, आणि दुसऱ्याच वर्षी, 1960 मध्ये, पुन्हा 2 विजय आणि 8 पराभव! त्यांच्या चारही हंगामांत विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. दोष एका तरुण प्रशिक्षकाच्या वयात असता, तर अनुभवी माणूस आल्यावर तो दूर व्हायला हवा होता.

मिशिगनकाठ

ब्रेनन यांच्या बाबतीत सहमत आहे. तरीही प्रशिक्षकाचा वाटा इतका कमी लेखू नये, असे वाटते. 1963 मध्ये हा संघ 2 विजय आणि 7 पराभवांवर अडकला होता. 1964 मध्ये प्रशिक्षक म्हणून आरा पारसेगियन आले आणि बहुतांश त्याच मुलांना घेऊन त्यांनी 9 सामने जिंकले, केवळ 1 गमावला. आदल्या वर्षी फारसा न खेळलेला जॉन हुआर्टे त्या हंगामाचा हाइझमन विजेता ठरला. बदली खेळाडूंवरचे निर्बंधही त्याच वर्षी बरेच सैल झाले होते, त्यामुळे पारसेगियन यांना आक्रमण आणि बचाव यांसाठी वेगवेगळे खेळाडू घडवता आले. ब्रेनन यांना 1956 मध्ये ती मोकळीक नव्हती, आणि सगळा भार एकट्या हॉर्नंगवर पडण्याचे हेही एक कारण होते.