सुरुवात मेफ्लॉवरपासून नाही, जेम्सटाउनपासून

वरच्या प्रतिसादात अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींची सुरुवात धर्मछळाला कंटाळून इंग्लंड सोडलेल्यांना घेऊन आलेल्या १६२० च्या मेफ्लॉवर जहाजापासून धरली आहे. पण व्हर्जिनियात जेम्सटाउन वसलं ते त्याच्या १३ वर्षं आधी, मे १६०७ मध्ये. त्यामागे धर्मछळ नव्हता, लंडनच्या भागधारकांचा पैसा होता.

स्पॅनिश जहाजांपासून बचाव व्हावा म्हणून जागा निवडली ती नदीकाठची, दलदलीची. उन्हाळ्यात पाणी मचूळ व्हायचं, लोक तेच प्यायचे आणि आजारी पडायचे. त्यातच दुष्काळ. शेजारच्या पोहाटन या मूळ रहिवासी लोकांचंच धान्य पुरेना, ते यांना किती देणार? १६०९-१० च्या हिवाळ्यात त्यांनी वेढा घातल्यावर आतल्यांनी घोडे, कुत्री, उंदीर, बुटांचं कातडंही खाल्लं. २०१२ च्या उत्खननात १४ वर्षांच्या एका मुलीची कवटी मिळाली. कपाळावर चार उथळ घाव, तिला खाण्यासाठी कवटी फोडायच्या प्रयत्नातले. ती मेल्यानंतरचे आहेत, तरी वाचताना पोटात कालवतं.

वसाहत तगली ती तंबाखूवर. तिथल्याच जॉन रॉल्फ या वसाहतकऱ्याने कॅरिबियन वाण लावलं, ते इंग्लंडात खपलं, आणि १६१८ पासून वसाहतीत नवा माणूस आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळू लागली. जमीन अर्थातच पोहाटनांची! १६१९ च्या जुलैअखेर तिथे लोकप्रतिनिधींची पहिली सभा भरली. ऑगस्टमध्ये त्याच वसाहतीत आफ्रिकेतून पकडून आणलेली वीसेक माणसं अन्नधान्याच्या बदल्यात विकली गेली. हे दोन्ही एकत्रच सांगायला हवं.